गळती

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. पत्नीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते आणि चौथ्या दिवशी वर्ध्याकडच्या एका रुग्णालयातून तिला घेऊन मी यवतमाळला परतत होतो. सुटीचे कागद हातात पडेपर्यंत दिवस मावळला. देवळी मागे पडली, वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि कळंब दहा-बारा किलोमीटरवर आले असताना समोरचा रस्ता दिसेनासा झाला. आधी वाटले, आपलेच डोळे. साठी ओलांडलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःवरच येतो. मग हॉर्न दाबून पाहिला. तो वाजला नाही, नुसता कण्हला. दिव्यांचा उजेड कंदिलासारखा पिवळा झाला होता.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८९ सालची. दिवे चालू ठेवले की इंजिन गचके देई. दिवे बंद केले की पुन्हा चालू लागे. रात्रीच्या वेळी उजेड हवा की चाके, यांपैकी एक निवडा, असेच जणू ती सांगत होती. गाडी कडेला घेऊन उभा राहिलो तर पुन्हा सेल्फ लागेल याची खात्री नाही, म्हणून इंजिन बंद करण्याचे धाडस होईना. तेवढ्यात कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. चालकाला हात केला. त्याने गाडीकडे पाहिले, आत पोटाशी उशी धरून बसलेल्या बाईंकडे पाहिले आणि म्हणाला, "माह्या मागं मागं या जी, हळू हळू. कळंबपर्यंत नेतो तुमाले."

पुढे ट्रॅक्टरचा दिवा होता, पण मागून येणाऱ्या ट्रकना आम्ही दिसणार कसे? पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे पाहा, मागचे मी पाहते." आणि ओले टाके असलेली ती बाई सीटवर अर्धी वळून, मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेकडे धरून कळंबपर्यंत बसली. ट्रॉलीतून उडणारा कापूस समोरच्या काचेवर येऊन बसत होता. बँकेच्या नोकरीत अनेकदा छाती धडधडली आहे. पण त्या अर्ध्यापाऊण तासाइतकी कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आता ती भंगारात द्या." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. आणि मला उत्तर देता आले नाही, कारण त्याचे चुकत नव्हते.

वहीतली गाडी

ही गाडी मी १९९६ साली जुनीच घेतली. त्या आधीची दोन-तीन दशके मोटार ही दुकानात जाऊन घेण्याची वस्तू नव्हती. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची चीज होती. फियाट, अँबॅसेडर आणि मोजकी एक-दोन नावे, संपली यादी. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअर ही तिची ओळख. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला देशभर ओळख दिली, आणि तिथली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली.

पेट्रोल जपून वापरण्याची सवय मात्र गाडीच्या फार आधीची. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा मी शाळेत होतो. वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेल्याची बातमी आली आणि आम्ही पोरे हसलो; आमच्या गावात बैलगाडीचे नवल ते काय! पुढे ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, पेट्रोल महागले, परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि १९९१ साली देशाचे सोने इंग्लंडला गहाण गेले. तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. लिटरभर पेट्रोल आणि देशाची तिजोरी यांचा संबंध त्या वर्षी जसा कळला तसा पुस्तकात कधी कळला नव्हता.

म्हणून गाडी आली त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे. पुढच्या खेपेस त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची, आणि धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचे. गाडीचे ॲव्हरेज काढण्याची याहून खरी रीत नाही. काट्याकडे पाहून 'बारा-तेरा देते बुवा' म्हणणारे लोक पासबुक न उघडता शिल्लक सांगणाऱ्यांच्या जातीचे.

वहीप्रमाणे सुरुवातीला ही गाडी लिटरला तेरा किलोमीटर देत होती. मग साडेबारा, बारा, अकरा. २०२२ च्या दिवाळीला आकडा ८.९ वर आला. त्याच तीन वर्षांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. पण या दोन नोंदी वहीच्या वेगवेगळ्या पानांवर होत्या, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या मला झाली नाही.

उपाय मी केले नाहीत असे नाही. टाकीत टाकायच्या गोळ्या आणल्या. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक बांधले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली शंभरावर साधने तपासली आणि बहुतेकांचा काहीच उपयोग नाही असे निघाले, हे नंतर वाचनात आले. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याचा पराक्रमही मी केला आहे. तो कोणी करू नये. वाचलेल्या चार थेंबांसाठी ब्रेकवरचा भरवसा पणाला लावायचा नसतो.

दोन वायरी आणि एक बल्ब

शोरूमच्या वर्कशॉपमधली मुले पद्मिनीचे बोनेट उघडून कुतूहलाने पाहतात. संगणक जोडायला जागाच नसल्याने पुढे काय करायचे ते त्यांना कळत नाही; त्यांचा दोष नाही. शेवटी एका ट्रकमालकाने आर्णी रोडकडच्या एका मिस्त्रींचे नाव सांगितले. गाडी धक्का मारून सुरू केली आणि दिवसाउजेडी तिथे नेली. टपरीवजा जागा, बाहेर कडुनिंब, आत माझ्याच वयाचा एक कृश माणूस. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग म्हणाला, "बॅटरी बदलून आनू नका जी. बॅटरी बिचारी काय करन? खाणारं दुसरंच कोनी हाय."

त्यांनी हत्यार काढले ते पाहून मी मनातून खट्टू झालो. गाडीच्या टेललॅम्पमधला एक छोटा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन वायरी, टोकांना दोन चिमटे. बस्स. पुढच्या दोन तासांत त्या बल्बने जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी असणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

पहिली तपासणी गळतीची. गाडीतले सगळे बंद केले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि त्या मधल्या जागेत बल्ब जोडला. काहीच चालू नसेल तर बल्ब विझलेला राहायला हवा. तो मंद लालसर जळत होता. मिस्त्रींनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज संपले. बल्ब जळतच होता. मी गोंधळलो. ते म्हणाले, "म्हंजे चोर वहीच्या बाहेरचा हाय, साहेब." कुणीतरी कधीकाळी बसवलेला गाण्यांचा टेप थेट बॅटरीवर जोडला होता, फ्यूजला वळसा घालून. तो बंद असतानाही वीज पीत होता. पुढे मी तो मोजून पाहिला: पाव अँपिअर. दिसायला किरकोळ, पण पाव अँपिअर म्हणजे चोवीस तासांत सहा अँपिअर-अवर. आठवडाभर गाडी उभी राहिली तर चाळीसच्या वर, म्हणजे माझी जवळजवळ सगळी बॅटरी. निवृत्तीनंतर गाडी बहुतेक उभीच असे. बॅटऱ्या का मरत होत्या ते कळले.

दुसरी तपासणी अर्थिंगची. गाडीत वीज वायरीने जाते आणि परत येते ती लोखंडातून. इंजिन मात्र रबराच्या पायांवर बसलेले असते. त्यामुळे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणीची एक पट्टी असते. मिस्त्रींनी बल्बचे एक टोक इंजिनला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले आणि मला सेल्फ मारायला सांगितले. दोन्ही टोके एकाच विजेची. तिथे बल्बने पेटायचे कारण नाही. सेल्फ मारताच तो लाल झाला. पट्टी काढून पाहिली तर हिरवा गंज चढून विणीचे पाच-सहा धागे उरले होते.

मग त्यांनी मला चोकची केबल हाताने धरायला लावली. "आता सेल्फ मारतो. चटका बसन, सांभाळा." केबल खरोखर गरम झाली! पट्टीतून परतीची वाट उरली नव्हती, म्हणून सेल्फची शेकडो अँपिअरची वीज मिळेल त्या वाटेने घरी परतत होती. आणि इंजिनाला सांगाड्याशी जोडणारी धातूची दुसरी वाट म्हणजे चोकची केबल. रोजच्या तापण्याने तिचे वेष्टन वितळून आतली तार चिकटली होती. बटण मी आत ढकलत होतो, पण कार्बोरेटरवरचा चोक अर्धा ओढलेलाच राहत होता. थंड इंजिनासाठी असलेले जादा पेट्रोल गाडी दिवसभर पीत होती.

वहीची ती दोन पाने अशी एकत्र आली. पेट्रोलचा आजार आणि विजेचा आजार दोन नव्हते. एकच गंजलेली पट्टी बॅटरी भरू देत नव्हती, दिवे मंद करत होती, ठिणगी कमजोर करत होती आणि चोक चिकटवत होती. त्यात भर म्हणजे आधीच्या कुणीतरी जुना डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला होता, पण वायर डायनॅमोचीच बारीक ठेवली होती. आल्टरनेटरपाशी चौदा व्होल्ट. दिवे लावल्यावर बॅटरीपाशी जेमतेम बारा. बॅटरी भरायला पावणेचौदाच्या आसपास तरी लागतात. मोठा पंप बसवावा आणि नळी अर्ध्या इंचाचीच ठेवावी, तसला प्रकार.

नव्या पट्टीची किंमत दीडशे रुपये. दोन बॅटऱ्यांवर मी आठ हजारांच्या वर घालवले होते.

पाच हजारांचे प्रकरण

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मिस्त्री सहज म्हणाले, "साहेब, तुमी मले ओळखलं नाही. शहाऐंशी साली मी तुमच्या टेबलावर आलो होतो. पाच हजार मांगले होते."

मला आठवेना. मग हळूहळू आठवले. माणूस नाही, कागद आठवला. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९८३ साली स्वयंरोजगाराची योजना आली होती, आणि तिची अट मॅट्रिक पास असण्याची. अर्जदार नववीपर्यंत शिकलेला. मी 'अपात्र' असा शेरा मारला. शेरा नियमाला धरून होता. पण त्याच टेबलाच्या खणात चार टक्के व्याजाच्या योजनेचे फॉर्म होते; ती योजना १९७२ पासून अगदी अशाच, तारण नसलेल्या माणसांसाठी होती. तो फॉर्म मी त्याच्यापुढे ठेवू शकलो असतो. ठेवला नाही. त्यात बँकेचा दोष नव्हता, नियमाचा नव्हता. वसुलीचे लक्ष्य डोळ्यांपुढे होते आणि समोर तेलकट हातांचा एक पोरगा होता, ज्याला आपल्या धंद्याचा हिशेब कागदावर मांडता आला नाही.

"कशासाठी हवे होते पैसे?" मी विचारले.

"बॅटरी चार्जर घ्याचा होता. अन् मीटर. मीटर नाही मिळालं, तं मंग हा बल्ब बनवला." ते हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो; टोमणा असता तर बरे झाले असते. "चार्जर बारा वर्सानं घेतला. तवरोक दुसऱ्याच्या दुकानात काम केलं."

बारा वर्षे. माझ्या लेखी एक शेरा. त्यांच्या लेखी एक तप. माझ्या कादंबऱ्यांमधून मी कर्जबाजारी शेतकऱ्यांविषयी लिहिले आहे, या जिल्ह्यात राहून दुसरे काय लिहिणार? त्या लेखनाला कुणी सहृदय वगैरे म्हणाले की मलाही बरे वाटते. पण ज्याच्यासाठी एक फॉर्म खणातून वर काढायचा होता, तो माणूस माझ्या कुठल्याही कादंबरीत आला नाही. तो माझ्या लक्षातच नव्हता.

आकडे काय सांगतात

पट्टी, जाड वायर आणि चोकची केबल बदलल्यावर वहीतला आकडा ८.९ वरून ११.२ वर गेला. पुढचे दोन किलोमीटर मिळवायला महिना लागला. ते छोट्या छोट्या गोष्टींत लपले होते. कार्बोरेटरचे जेट पूर्वी कुणीतरी तारेने साफ केले होते. तारेने भोक साफ होते तसे मोठेही होते. जेट साफ करायचे ते हवेच्या झोताने. ते नवीन टाकले. थर्मोस्टॅट गायब होता. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आहे. पण मग हिवाळ्यात इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त मागते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळाले होते; ते बदलून फट पात्याने मोजून लावली. मागचे एक चाक ब्रेकला घासत होते. हे ओळखायला तर काहीच लागत नाही: ब्रेक न मारता थोडे अंतर जाऊन थांबायचे आणि चारही चाकांजवळ हात न्यायचा, जे गरम ते घासते. टायरमध्ये हवा कमी होती. आणि उरलेले औषध माझ्या उजव्या पायात. पेट्रोल बचतीच्या सरकारी जाहिराती ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आल्या आहेत, ते उगीच नव्हे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. फेब्रुवारी २०२३ अखेर वहीत आकडा पडला: १३.१.

यवतमाळच्या उन्हाळ्याचे एक दुखणे मात्र या दुरुस्तीने जात नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पंपातले पेट्रोलच उकळते, नळीत वाफ अडते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्यावर जुनाच उपाय: पंपावर ओले फडके टाकायचे आणि झाडाखाली पंधरा मिनिटे गप्प बसायचे.

आता नवा प्रश्न इथेनॉलचा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर आले. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. त्यामुळे जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. माझ्या वहीत तेरा एकचे बारा तीन झाले. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या टाकीतला गाळ सोडवते आणि जुने रबर फुगवते. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात, फिल्टर वरचेवर पाहावा आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. नळी पाझरली तर प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो.

ठेवावी की द्यावी?

मुलाला मी अखेर काय सांगितले? खरे तेच. गाडी नीट झाली तरी ती १९८९ ची आहे. तिला एअरबॅग नाही, धूर शुद्ध करणारे यंत्र नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिला तपासणीला उभे राहावे लागते. २०२२ मध्ये त्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. माझी २०२४ मध्ये पास झाली. नव्या गाडीचा हप्ता आणि जुन्या गाडीची दुरुस्ती यांची तुलना मी बँकेच्या पद्धतीने मांडून पाहिली. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला जुनी परवडते. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला नाही. आणि रात्री आजारी माणसाला आणायचे असेल तर भाड्याची नवी गाडी करायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ममता ही गाडीवर असावी, पण ती दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारी नसावी.

मिस्त्रींना मी एक चांगला मीटर नेऊन दिला. शहाऐंशी सालचे पैसे त्याने फिटत नाहीत, हे मला कळते. त्यांनाही कळत असावे. त्यांनी खोका उघडून पाहिला, थँक्यू म्हटले आणि मीटर आतल्या फळीवर ठेवला. "पोरगं पुन्याले कंपनीत हाय. आलं की त्याले दाखवतो." मग शेजारी उभ्या असलेल्या जीपचे बोनेट उघडले आणि खिशातून बल्ब काढला.

मी रोज सकाळी फिरायला जातो, तेव्हा आठवड्यातून एकदा तिथे थांबतो. ते बोलतात, मी लिहून घेतो: कुठला आवाज कशाचा, कुठली वायर कुठे सडते, बल्ब कुठे लावायचा. दुसरी वही आहे ही. पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहिले आहे आणि खाली, बँकेच्या जुन्या सवयीने, 'येणे' आणि 'देणे' असे दोन रकाने आखले आहेत. 'देणे' हा रकाना अजून चालू आहे.